घाटातला घास

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला आपण कोठे जाणार आहोत हे ठाऊक असावे, असा एक सर्वसाधारण समज आहे. आमचे एक स्नेही हा समज मानीत नाहीत. पणजीच्या एका कचेरीत पस्तीस वर्षे वेळेवर हजर राहिल्याचे उट्टे ते निवृत्तीनंतर काढीत आहेत. लहर आली की पिशवी उचलावी आणि निघावे, हा त्यांचा परिपाठ. मागे एकदा केवळ स्थानकाचे नाव आवडले म्हणून ते एका आडगावी उतरले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीपर्यंत फलाटावर बसून राहिले. परत आल्यावर त्या मुक्कामाचे जे वर्णन त्यांनी केले, ते काशीयात्रा करून आलेल्यांनाही जमले नसते.

या गृहस्थांच्या वाचनात अलीकडे परदेशातील ‘जेवणगाड्या’ आल्या. जेवणगाडी हा त्यांचाच शब्द. या गाड्या एका स्थानकावरून निघतात, दोन-तीन तास निसर्गरम्य प्रदेशातून हळूहळू फिरतात, उतारूंना साग्रसंगीत जेवू घालतात आणि निघाल्या त्याच स्थानकावर आणून सोडतात. कॅलिफोर्नियात नापाच्या खोऱ्यात १९८९ पासून अशी एक गाडी चालते. जुन्या पुलमन डब्यांतून द्राक्षमळ्यांच्या कडेने ३६ मैलांची फेरी, अवधी सुमारे तीन तास. एकोणिसाव्या शतकातला तो लोहमार्ग मोडीत निघायचा, तो या जेवणावळीने वाचवला. स्वित्झर्लंडमध्ये झरमॅट ते सेंट मॉरिट्झ ही ‘ग्लेशियर एक्सप्रेस’ तर जगातली सर्वांत संथ एक्सप्रेस म्हणून मिरवते. तिचा चढउतार इतका की, पेय सांडू नये म्हणून वाकड्या दांड्याचे पेले तिच्यासाठी निघाले. आमच्या स्नेह्यांना त्या पेल्याने भुरळ घातली. “रेल्वेने डोंगर सपाट केला नाही, पेला वाकडा केला, याला म्हणतात संस्कृती,” असे ते आम्हांस सांगू लागले.

आपल्याकडे अशी गाडी कोठे आहे, हा त्यांचा पुढचा प्रश्न. ‘डेक्कन क्वीन’ आहे. १ जून १९३० पासून ती मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान धावते आणि तिच्या जेवणाच्या डब्याने पिढ्यान्‌पिढ्यांना ऑम्लेट आणि चीज टोस्ट खाऊ घातले आहे. २०२२ मध्ये तिला नवे डबे आले, तेव्हाही हा डबा कायम ठेवण्याचा शहाणपणा रेल्वेने दाखवला. परंतु ती शेवटी कामावर जाणाऱ्यांची गाडी. तिच्यात जेवताना माणूस घाटाकडे कमी आणि घड्याळाकडे अधिक पाहतो. ‘डेक्कन ओडिसी’ २००४ पासून आहे. ती आपल्या गोमंतकातही येऊन जाते. पण तिचे तिकीट निवृत्तिवेतनात बसत नाही. अशा विवंचनेत असताना इंदूरहून त्यांच्या मावसबहिणीचा फोन आला. ही बहीण खजरान्यात राहते. ती म्हणाली, “दादा, तू इकडे ये. आमची गाडी जेवू घालीत नाही. पण गाडीत बसून जेवायला मी बांधून देते. मिठाई तेवढी वाटेत मिळेल.”

एवढ्या आमंत्रणावर स्नेही मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने इंदुरास गेले. त्यांनी परतल्यावर जे सांगितले, ते ऐकताना प्रथम आम्हांस हसू आले; मागाहून त्यातला काही भाग गोमंतकाच्या दृष्टीने गंभीरपणे विचारात घेण्याजोगा वाटला. म्हणून हा मजकूर.

खजराना हे एके काळचे इंदूरबाहेरील खेडे. आता शहराने ते पोटात घेतले आहे. तरीही त्याचे गावपण पुरते गेलेले नाही. अहिल्याबाई होळकरांनी उभारल्याचे सांगितले जाणारे गणपतीचे देऊळ येथे आहे आणि नाहरशाह वली यांचा दर्गाही येथेच आहे. मोदकांची दुकाने आणि चादरींची दुकाने एकाच वस्तीत पोट भरतात. गणपतीच्या देवळामागच्या भिंतीवर उलटे स्वस्तिक काढून नवस बोलण्याची रीत आहे. इच्छा पूर्ण झाली की परत येऊन ते सुलटे करायचे. म्हणजे देवाकडे मागणे मागताना परतीचे वचनही द्यावे लागते. आमच्या स्नेह्यांना हा व्यवहार फार पसंत पडला. कचेरीतले अर्जदार असे परत येऊन कागद सुलटा करीत नाहीत, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. पण त्या दिवशी त्यांच्यापाशी मागण्यासारखे काही नव्हते. ते नुसतेच हात जोडून परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर डबा तयार झाला. त्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, कैरीचे लोणचे आणि पावसाळ्यात माळव्यात घरोघरी होणारा मक्याचा कीस होता. टॅक्सीने महू ओलांडून ते पातालपानीला पोहोचले. महू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. आज स्थानकाला त्यांचेच नाव आहे. पातालपानीहून कालाकुंडपर्यंत सुमारे साडेनऊ किलोमीटरांचा मीटरगेज मार्ग रेल्वेने वारसा म्हणून राखला आहे आणि २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर प्रवाशांसाठी खास गाडी सुरू केली आहे. अलीकडे ती मुख्यतः पावसाळी हंगामात, शनिवार-रविवारी धावते. वेळापत्रकाने या साडेनऊ किलोमीटरांना जाताना दोन तास दिले आहेत. स्नेह्यांनी लगेच हिशेब केला: ताशी पाच किलोमीटरांहूनही कमी. सकाळी पणजीच्या मांडवीकाठाने फिरायला निघालेला सुदृढ मनुष्य या गाडीला सहज मागे टाकील. “आयुष्यात प्रथमच,” ते म्हणाले, “सरकारी खात्याने घाई करू नका असे सांगितले, आणि त्याचे पैसेही घेतले.”

हा मार्ग साधा नाही. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ देऊ केले, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने. खंडव्याहून इंदूरपर्यंत आगगाडी यावी, यासाठी. संस्थानिकाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे आणि त्यातून आपल्या प्रजेसाठी लोहमार्ग बांधून घ्यावा, ही त्या काळातली विलक्षण गोष्ट. शहाणपणाच्या बाबतीत ती अनेक संस्थानिकांच्या राजवाड्यांना भारी आहे. नर्मदेवरचा पूल १८७६ च्या ऑक्टोबरात खुला झाला. विंध्य चढून माळव्याच्या पठारावर येणाऱ्या घाटात चाळीस फुटांना एक फूट असा चढ, चार बोगदे, खोल खोदाया आणि चोरल नदीवरचा उंच पूल. मीटरगेजच्या इंजिनाला हा घाट कायमच जड गेला. त्या जडपणाकडे आपण पुढे येणारच आहोत.

पातालपानीला गाडी निघण्यापूर्वीच एक गंमत आहे. स्थानकाजवळ टंट्या भिल्लाचे स्मारक आहे. निमाड-माळव्यातल्या आदिवासींचा हा ‘टंट्या मामा’ १८८९ मध्ये जबलपूरला फासावर गेला. येथून जाणारी प्रत्येक गाडी मामाला सलामी द्यायला थांबते, ही लोकांची श्रद्धा. रेल्वे म्हणते, पुढे तीव्र उतार आहे, म्हणून ब्रेक तपासण्यासाठी थांबावे लागते. आमच्या स्नेह्यांना या दोन म्हणण्यांत विरोध दिसला नाही. उतरणीला लागण्यापूर्वी माणसाने थांबावे, एवढे दोघांनाही मान्य आहे.

मग गाडी निघाली. धबधब्यासमोर थांबली, लोक उतरले, भिजले, परत चढले. बोगद्यात शिरली तेव्हा शाळकरी मुलांनी सालाबादप्रमाणे आरोळ्या ठोकल्या. साध्या डब्यात बसलेल्यांच्या अंगावर पावसाचे तुषार येत होते. मोठ्या काचांच्या वातानुकूलित डब्यातली मंडळी कोरडी होती आणि देखावा त्यांनाच अधिक दिसत होता, हे स्नेह्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. त्यांनी साधा डबा पत्करला होता. कारण काचेची खिडकी उघडत नाही आणि न उघडणाऱ्या खिडकीतून काही विकत घेता येत नाही. एका ठिकाणी गाडी रेंगाळली असता माकडांची एक टोळी डब्यापाशी आली आणि मक्याच्या किसाचा काही हिस्सा तिने वसूल केला. याचेही त्यांना दुःख झाले नाही. घाट त्यांचा आहे, जकात द्यावीच लागते, असे ते म्हणाले.

कालाकुंड हे दरीतले लहानसे गाव. येथे पोहोचल्यावर परतीच्या गाडीपर्यंत दोन-अडीच तासांची सवड असते. नदीकाठी डबा उघडून झाल्यावर स्नेही स्थानकाकडे वळले. पळसाच्या पानावर ठेवलेला कलाकंद तेथे मिळतो. दूध आटवून केलेला, रवाळ, मंद गोड आणि अजून थोडा कोमट. कालाकुंडच्या कलाकंदाचे नाव साऱ्या माळव्यात आणि निमाडात आहे. एवढ्याशा गावाला एवढी मोठी ख्याती कशी मिळाली, याची विचारपूस स्नेह्यांनी फलाटावरच्या एका वृद्ध विक्रेत्यापाशी केली. त्याने जे सांगितले ते रेल्वेच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचे आहे. खंडव्याकडून येणाऱ्या गाडीला पुढचा घाट एका इंजिनाने चढता येत नसे. म्हणून कालाकुंडला मागून ढकलणारे इंजिन जोडीत. ते जोडायला वेळ लागे. तेवढा वेळ गाडीभर माणसे रिकामी बसून राहत. आणि रिकाम्या माणसाला भूक लागते.

येथे आमच्या स्नेह्यांच्या लहरीपणातून एक सिद्धांत निघाला आणि तो खोडून काढणे आम्हांस जमलेले नाही. भारतीय रेल्वेवरचे नामांकित खाद्यपदार्थ घाटाच्या पायथ्याशी जन्माला आले, असे ते म्हणतात. कर्जतचा वडा घ्या. बोरघाटाचा ३७ ला १ असा चढ चढण्यासाठी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिने लागतात. तो थांबा नसता तर दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर पोहोचला असता काय? कालाकुंडच्या रानात दूध भरपूर आणि ते विकायला मोठी बाजारपेठ जवळ नाही. मग ते आटवून टिकाऊ करणे हाच मार्ग. गाडीने त्या मिठाईला गिऱ्हाईक आणून दिले. आणि आपले कुळे? मीटरगेजच्या दिवसांत कॅसलरॉकचा घाट चढण्यापूर्वी गाडी कुळ्याला खोळंबून राहत असे आणि फलाटावर गरम पातळभाजी-पाव मिळत असे, हे आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या जिभेला अजून आठवत असेल. इंजिनियरच्या दृष्टीने जो चढ ही अडचण, तोच चढ गावाच्या दृष्टीने बाजारपेठ होता.

आता ही अडचण दूर होत आहे आणि तिच्याबरोबर बाजारही. मुंबई-दिल्ली मार्गावरील राजधानीला २०१९ मध्ये दोन्ही टोकांना इंजिने लावून कसाऱ्याला मागचे इंजिन जोडण्याचा खोळंबा वाचवण्यात आला. महूहून ओंकारेश्वर रोडपर्यंतची मीटरगेज गाडी २०२३ च्या आरंभी बंद झाली. तेथे ब्रॉडगेजचे काम चालू आहे. नवा मार्ग वळसा घेऊन चढ सौम्य करणार आहे. पातालपानी-कालाकुंडचा तुकडा तेवढा वारसा म्हणून मागे राहिला. ज्या कालाकुंडच्या फलाटावर वर्षाचे बारा महिने उतारू येत, तेथे आता काही महिन्यांच्या सुट्टीच्या दिवसांपुरतेच गिऱ्हाईक उरले आहे. “बाबूजी, दूध रोज येते, गाडी रोज येत नाही,” असे त्या वृद्धाने सांगितले. स्नेही म्हणतात, या वाक्यानंतर हातातला कलाकंद त्यांना पहिल्याइतका गोड लागला नाही.

आमचे मत विचाराल तर ब्रॉडगेजला विरोध करणे अडाणीपणाचे आहे. इंदूरहून खंडव्याकडे, तेथून दक्षिणेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला, रुग्णाला, शेतमाल पाठवणाऱ्याला सरळ आणि जलद गाडी हवी. त्याला कोणी कलाकंदाच्या आठवणीने मीटरगेजवर अडकवून ठेवू नये. आमच्या स्नेह्यांना पोहोचण्याची घाई नाही, म्हणून इतरांनाही नसावी असे नव्हे. निवृत्त माणसांच्या हातून ही चूक वारंवार होते. प्रश्न निराळाच आहे. एक मार्ग मुद्दाम हळू चालवण्यासाठी राखला, त्यावर गाडी सोडली, तिकीट लावले, काचांचे डबे जोडले. तर त्या गाडीने कोणाचे पोट भरायचे हे कोणी ठरवले आहे काय? वारशाची गाडी म्हणजे केवळ इंजिनाचा आणि बोगद्यांचा वारसा नव्हे. फलाटावर पानातून खाणे विकणाऱ्याचा धंदाही त्या वारशातच मोडतो. त्याचे नुकसान करून जपलेले बोगदे ही निव्वळ भोके होत.

म्हणून या गाडीबद्दल दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पावसाळा संपल्यावरही, निदान थंडीच्या महिन्यांत, ती नियमाने चालावी. माळव्याची थंडी हा काही प्रवासाला प्रतिकूल काळ नव्हे. इंदूरकर त्या दिवसांत मध्यरात्री सराफ्यात उभे राहून खातात, ते दुपारी दरीत जाऊन खाणार नाहीत असे मानण्याचे कारण नाही. दुसरे असे की, गाडी वाढली, तिची कीर्ती झाली, की एखादा मोठा ठेकेदार सुबक पेटीत बंद केलेले जेवण घेऊन येईलच. त्याला गाडीत जे विकायचे ते विकू द्या. पण कालाकुंडच्या फलाटावर त्या गावच्याच लोकांचा हक्क लेखी असावा. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना जाहीर झाली. सगळ्या देशात तिला शोभेल असे एकच स्थानक निवडायचे झाले, तर आम्ही कालाकुंड निवडू. तेथे स्थानक आणि उत्पादन ही दोन नावे सुद्धा एकमेकांत मिसळली आहेत.

पेटीबंद जेवणाबद्दल आमचे स्नेही कडवट बोलतात, आणि त्याला कारण आहे. एका लांब पल्ल्याच्या गाडीत त्यांना चांदीच्या कागदाखाली जे मिळाले, त्यातली भाजी कोणती हे त्यांना झाकणावरचा मजकूर वाचून कळले. गाडी तेव्हा कोकणातून जात होती. बाहेर भाताची शेते, आंबा-फणसाची झाडे आणि मधूनमधून खाडी. आणि पुढ्यात मात्र कोठेही शिजलेले, कोठलेही नसलेले अन्न. नापाच्या जेवणगाडीचे खरे वैशिष्ट्य जुने डबे नव्हे. ज्या मळ्यांतून गाडी जाते, त्याच खोऱ्यातली द्राक्षे पेल्यात उतरतात, हे आहे. खिडकीबाहेर जे दिसते आणि ताटात जे येते, त्यांची एकमेकांशी ओळख असली पाहिजे.

आणि येथे मालवाहू विचारांची आपली गाडी माळव्यातून गोमंतकात येते. कालाकुंडचा घाट पाहायला इंदुरापर्यंत जाणाऱ्या गोवेकराला आपल्या दारातला घाट विसरून चालणार नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून निघालेला मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १८८० च्या दशकात पुरा झाला. त्याचा घाटही ३७ ला १, त्याची गेजही मीटर, त्याच्याही गाड्या मागून ढकलाव्या लागतात. नव्वदीच्या दशकात तो ब्रॉडगेज झाला, पण चढ होता तसाच राहिला. आणि या घाटात पातालपानीपेक्षा कितीतरी मोठा, ३१० मीटरांचा दूधसागर कोसळतो. आगगाडी त्याच्या अगदी पुढ्यातून, पुलावरून जाते. जगात असा देखावा फार थोड्या लोहमार्गांच्या वाट्याला आला असेल.

त्या देखाव्याचा आपण उपयोग कसा करतो? दूर पल्ल्याची गाडी तेथून जाते तेव्हा उतारू दारात लोंबकळून तो पाहतात. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत धबधब्याकडे निघालेल्या पर्यटकांना रेल्वे सुरक्षा दलाने उठाबशा काढायला लावल्या आणि ती चित्रफीत देशभर फिरली. रुळांवरून चालणे धोक्याचे आहे, अडवणाऱ्यांची काळजी रास्त होती. परंतु पावसाळ्यात जेव्हा दूधसागर खऱ्या अर्थाने दूधसागर असतो, नेमक्या तेव्हा तो रीतसर, सुरक्षितपणे पाहण्याची सोयच नाही, ही गोष्ट उठाबशांनी झाकली जात नाही. मनाई आहे आणि पर्याय नाही, अशा ठिकाणी लोक आडवाटा शोधतात.

पातालपानीचा धडा येथे सरळ लागू पडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंत आणि परत अशी दिवसाउजेडी, संथ गाडी सोडावी. साध्या डब्यांची, उघडणाऱ्या खिडक्यांची. दूधसागरला रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली कठड्याआडून धबधबा पाहता येईल इतका थांबा असावा. कुळ्याचे जीपवाले याला हरकत घेतील असे कोणी म्हणेल. पण त्यांच्या जीपगाड्या ऑक्टोबरात सुरू होतात आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पाणी चढले की बंद पडतात. त्यांचा हंगाम संपतो तेथे या गाडीचा हंगाम सुरू होईल. कुळ्याला आज चार महिने जी उपासमार असते, ती उलट काही अंशी कमी होईल.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि ती आम्ही मानतो. हा घाट भगवान महावीर अभयारण्याच्या आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. याच मार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध २०२० मध्ये गोव्यातली तरुण मंडळी रस्त्यावर उतरली आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तेव्हा आमची सूचना मुद्दाम नीट वाचावी. नवा रूळ नको, नवे बांधकाम नको, डोंगराला नवी जखम नको. आहे त्या एका मार्गावर, मालगाड्यांच्या मधल्या सवडीत बसेल एवढीच एक गाडी हवी. मालगाड्यांना सवड नाही असे रेल्वे म्हणेल. कोळशासाठी सवड निघते, तर आठवड्यातून दोन वेळा माणसांसाठीही निघावी. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि चांदीचे कागद यांना या गाडीत मज्जाव असावा. उतारूंनी मागे ठेवलेला कचरा माकडे जकात म्हणून घेत नाहीत.

आणि खाण्याचे काय? कुळे, साकोर्डे, मोले या भागातल्या स्त्रियांच्या बचतगटांना हे काम सहज जमेल. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा भात, एखादी रानभाजी, सुक्या मासळीची कोशिंबीर. न चालणाऱ्यांसाठी खतखते. नाही तर नुसती पातळभाजी आणि पोदेराचा पाव, वर हिरव्या मिरचीचे भजे. पानात बसेल तेवढेच आणि जेथे शिजले तेथलेच. गाडीत टेबल, रुमाल आणि वाकड्या दांड्याचा पेला नसला तरी चालेल. आमच्या स्नेह्यांचा पेल्याचा हट्ट माळव्यातल्या पळसाच्या पानाने पुरता उतरला आहे.

ही सूचना मान्य होण्याचा संभव किती, हे आम्ही जाणतो. रेल्वे दिल्लीची, जंगल राज्याचे, धबधबा सीमेवरचा आणि घाटाचे वरचे टोक कर्नाटकात. इतक्या दारांवर जाणारा अर्ज वाटेतच हरवतो. परंतु तुकोजीरावांना सुद्धा परक्या सरकारच्या दारी जाऊन, स्वतःचे पैसे पुढे ठेवूनच ती गाडी आणावी लागली होती. गोव्याच्या पर्यटन खात्याने आपल्या जाहिरातींच्या खर्चातला लहानसा हिस्सा या गाडीच्या पहिल्या हंगामाचा तोटा सोसण्यासाठी बाजूला ठेवतो असे रेल्वेला कळवले, तर निदान बोलणे तरी सुरू होईल.

स्नेही मात्र खात्यांवर विसंबून राहिलेले नाहीत. इंदुराहून निघण्याच्या सकाळी ते बहिणीला घेऊन पुन्हा खजरान्याच्या देवळात गेले आणि या वेळी मागच्या भिंतीवर त्यांनी दोन उलटी स्वस्तिके काढली. एक कालाकुंडची गाडी रोज धावावी म्हणून, दुसरे कुळ्याच्या गाडीसाठी. “दादा, एका नवसाला एकच काढतात,” असे बहिणीने बजावले. त्यावर ते म्हणाले की, परतीचे भाडे एकदाच भरायचे आहे, तर कामे दोन करून घ्यावीत. निवृत्तिवेतनातून अवंतिकेच्या तिकिटापुरते पैसे त्यांनी वेगळ्या पाकिटात काढून ठेवले आहेत.